एन्सिओची फिरती गोदी

शनिवारी दुपारी, सौनाची, म्हणजे घरच्या वाफेच्या न्हाणीची लाकडं पेटवायच्या वेळेला, एन्सिओ लेहतोवाराच्या गोदीतलं लोखंड संपलं आणि शत्रूची तांबडी जहाजं नेमकी शेजारच्या ताऱ्याकडे वळली.

गोदी कॉम्प्युटरवरच्या खेळातली होती. जिथे लढाई तिथे जायचं आणि नांगर टाकून जहाजं बांधायची, असा त्या फिरत्या गोदीचा जन्म. चालायला तिला इंधन लागे, बांधायला लोखंड, आणि ते सगळं आपल्या गटातल्या इतर खेळाडूंनी पोचवायचं. निळसर अंधारात ती पिवळे दिवे लावून तरंगत असे. राउमा गावात आयुष्यभर लोकांच्या दाढा उपटलेला एन्सिओ तिच्याकडे पाहता पाहता कॉफी गार करून टाकायचा.

पण तो खेळायचा मुलीसाठी. सायमी दूर परदेशी, ट्रोम्सोला असते, गटाची प्रमुख तीच. फोनवर बापलेकींचं बोलणं हवामानापाशी संपायचं. खेळात मात्र दर शनिवारी ती विचारायची, "बाबा, गोदी कशी आहे?" आणि पुढे तासभर गप्पा चालायच्या. गटाकडे गोदी ही एकच. ती बुडली की गट मोडणार आणि शनिवारही जाणार, हे एन्सिओला पक्कं ठाऊक होतं.

त्याने गटाच्या फळ्यावर लिहिलं, "इथे जरा कमी पडतंय."

"काय कमी पडतंय ते लिही की," मागून बायको केर्तू म्हणाली.

"कळेल त्यांना. उगाच मागितल्यासारखं दिसतं."

"मग दुसरं काय करतोयस?"

पहिला आला गटातला वेइक्को, औलू शहरातला बसचालक. टाकीजहाज भरून इंधन घेऊन आला होता. एन्सिओने लिहिलं, "फार आभार."

"लोखंड आलं?" केर्तूने विचारलं.

"इंधन आलं."

"मग आभार कसले मानतोस?"

"एवढ्या लांबून आणलंय बिचाऱ्याने. तोंडावर नको कसं म्हणायचं?"

ते आभार सगळ्यांनी वाचले आणि इंधनच हवंय अशी सगळ्यांची खात्री पटली. मग कुणी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही, सगळे गुपचूप इंधन घेऊन निघाले. गोदीची टाकी काठोकाठ भरली, तरी जहाजं येतच राहिली. आली ती शहाण्यासारखी रांगेत उभी राहिली, आणि त्यांच्याकडे बसथांब्यावर माणसं उभी राहतात तशी एकमेकांपासून ऐसपैस अंतर ठेवून. रांगेचं शेपूट पार पुढच्या ताऱ्यापर्यंत गेलं. त्या काळोखात दिव्यांची ती लांबलचक माळ अशी काही शांत झुलत होती, की एन्सिओ क्षणभर तांबडी जहाजं विसरलाच.

"हे शेवटचं राखाडी कुणाचं रे?" केर्तूने पडद्यावर बोट ठेवलं.

एन्सिओने चष्मा पुसून पाहिलं. ते लोखंडाचं जहाज होतं. गटात एकाला तरी अक्कल होती, पण रांग दिसल्यावर तोही निमूट मागे जाऊन उभा राहिला होता.

"त्याला म्हणावं, पुढे ये."

"रांग मोडून?" एन्सिओने बायकोकडे असं पाहिलं, जणू तिने बँक लुटायला सांगितलं होतं.

तेवढ्यात तांबडी जहाजं आलीच. फळ्यावर सायमीची ओळ उमटली, "बाबा, काय चाललंय तिथे?"

"ठीक चाललंय," बाबाने लिहिलं, अर्धवट बांधलेलं लढाऊ जहाज सोडून दिलं, नांगर उचलला आणि नकाशावर बोट जाईल तितक्या लांबचं ठिकाण दाबलं. एरवी एका उडीत धाप लागणारी गोदी त्या दिवशी जी सुटली ती थांबेचना. सगळी टाकीजहाजं सोबत होती, एक रिकामं झालं की दुसरं. तांबड्यांचं इंधन वाटेतच संपलं. राखाडी जहाज तेवढं जुन्या जागी उभं राहिलं, आता रांगेत पहिलं.

गोदी थांबली ती नकाशाच्या कडेला. पलीकडे काही नव्हतं. एक फिकट तारा, त्याच्याभोवती बर्फाची धूळ, आणि ती धूळ हळूहळू खाली येतेय असं वाटावं इतकी निवांत. शेजारपाजार नाही. एन्सिओला जागा फार आवडली. पण गोदी इतकी लांब पडली, आता तिचा कुणाला काय उपयोग, असंही त्याला वाटलं.

फोन वाजला. खराखुरा. सायमी होती.

"बाबा, गोदी वाचली ना?"

"वाचली."

"इतक्या लांब कुणी पळवतं का? इंधन संपलं असेल सगळं. आता ओढून आणायला अख्खा जुलै जाईल. आणि ते काम दोघांनी शेजारी बसून करायचं. मी म्हणत होते, रजा घेऊन तिकडेच येते महिनाभर."

एन्सिओने पडद्याकडे पाहिलं. सोबतची टाकीजहाजं रिकामी झाली होती, पण गोदीची टाकी अर्धी भरलेली होती, घरी यायला पुरून उरेल इतकी. तो प्रामाणिक माणूस. तसं सांगायला त्याने तोंड उघडलं. केर्तू समोर उभी होती. ती त्याच्याकडे रोखून बघत राहिली.

"हो," तो म्हणाला, "संपलंय सगळं."

त्याने फोन ठेवला. जन्मात खोटं बोलायची सवय नव्हती. मग त्याने खुर्ची पुढे ओढली, टाकीची झडप शोधली, आणि उरलेलं सगळं इंधन त्या फिकट ताऱ्याखाली शांतपणे सोडून दिलं.