सदर इसम उत्तरेकडे

फुटबॉलचा सामना बावीस माणसं खेळतात, हा गैरसमज जिथे फुटबॉल बेताचाच खेळला जातो अशा देशांतच टिकून आहे. बुएनोस आयरेसच्या दक्षिण टोकाला असलेल्या विया ओर्तेन्सिया या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की मैदानावरचे बावीस जण निकाल फक्त वाचून दाखवतात. निकाल ठरतो तो आपण कुठल्या खुर्चीत बसलो, अंगात कुठला शर्ट होता आणि तो शेवटचा कधी धुतला होता यावर. (बरोबर उत्तर: धुतलेला नव्हता.)

या शास्त्राला तिथे 'काबाला' म्हणतात. इतर वस्त्यांत ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेलं असतं आणि मग व्हायचा तो गोंधळ होतो. स्पोर्तिवो विया ओर्तेन्सिया क्लबाने मात्र त्यासाठी रीतसर उपसमिती नेमली होती. अध्यक्ष रुफीनो स्कार्पाती, धंद्याने खाटीक. चिटणीस एवारिस्तो पेलूफो, वय एकाहत्तर, भूमापन खात्यातून निवृत्त. क्लबाचं कँटीन चालवणारी नेलिदा ही पदसिद्ध सदस्य, कारण टीव्ही तिच्या कँटीनमध्ये होता.

पेलूफोंनी एकतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या आणि एकदाही एक वीतभर इकडची तिकडे केली नव्हती. (यामुळे त्यांना बढतीही एकदाच मिळाली.) उपसमितीची वही ते त्याच हाताने लिहीत. कोण कुठे बसला, कितव्या मिनिटाला शिंकला, कुणी पाय दुमडला, गोल कधी झाला. स्वतःची नोंदही ते इतरांसारखीच करत, आणि तिथेच घोटाळा झाला.

त्या वर्षी स्पोर्तिवो एक्कावन्न वर्षांनी 'कोपा'च्या, म्हणजे सगळ्या खंडातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, बाद फेरीत पोचला. मागच्या खेपेला पोचला तेव्हा पेलूफो वीस वर्षांचे होते आणि गालगुंड होऊन अंथरुणात पडले होते. गोल झाल्याचं त्यांना गल्लीतल्या आरड्यावरून कळायचं आणि ओरडायला जावं तर जबडा उघडायचा नाही. बाद फेरीतला आपल्या क्लबाचा एक गोल डोळ्यांनी बघायचा, एवढी एकच इच्छा या गृहस्थांनी त्यानंतर अर्धशतक सांभाळली. बायकोला त्यांनी लग्नाआधीच याची कल्पना दिली होती.

बाद फेरीत प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी दोन सामने, एक त्यांच्या घरी, एक आपल्या. (स्पोर्तिवोचं मैदान नियमांपेक्षा लहान निघाल्याने 'आपलं घर'ही बसने दोन तासांवर, दुसऱ्याच क्लबाकडून मागून घेतलेलं होतं.) जुनी मंडळी त्यामुळे कँटीनमध्येच जमत. पहिला सामना एक्वादोरच्या डोंगरात होता. पेलूफो चौथ्या खुर्चीत बसले आणि स्पोर्तिवो एका गोलने हरला. परतीच्या सामन्यात ते पुन्हा चौथ्या खुर्चीत बसले. एकाहत्तराव्या मिनिटापर्यंत काहीच झालं नाही. मग त्यांच्या मुलीचा कोर्दोबाहून फोन आला. टीव्हीचा गलका टाळायला ते मागच्या बोचाच्या पट्टीवर गेले, जिथे निवृत्त मंडळी एरवी लाकडी गोळे फेकत असतात, आणि मुलगी नातवाचे दात किती आले ते सांगत असतानाच आतून गर्जना झाली. ते आत येईपर्यंत फोन पुन्हा वाजला. ते पुन्हा बाहेर गेले आणि दुसरा गोल झाला. शेवटी फोन बंद करून ते येऊन बसले, तोच एक्वादोरवाल्यांचा चेंडू आपल्या गोलाच्या दांडीवर आदळला.

स्पोर्तिवो पुढच्या फेरीत गेला. लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते तेव्हा पेलूफो वहीत लिहीत होते: 'चिटणीस आत असताना १६६ मिनिटांत आपले गोल शून्य. चिटणीस बाहेर असताना १४ मिनिटांत गोल दोन. अंतर मोजून घ्यावे.' मग त्यांनी कपाटातून टेप काढली आणि अंतर मोजलं. अठरा मीटर.

दुसऱ्या दिवशीच्या सभेत ते वाचून दाखवलं गेलं. ज्याच्या हजेरीने बरं चाललेलं बिघडतं, अशा पांढऱ्या पायाच्या माणसाला तिथे 'मूफा' म्हणतात. मूफाचं नाव तोंडातून काढायचं नसतं. चुकून निघालंच, तर पुरुषमंडळी ताबडतोब डाव्या हाताने ज्या ठिकाणी स्पर्श करतात, त्या ठिकाणाची नोंद कुठल्याही इतिवृत्तात करता येत नाही. त्या सभेत अकरा पुरुषांनी तो स्पर्श एकाच वेळी केला.

"एवा..." म्हणता म्हणता स्कार्पाती थांबले आणि डावा हात टेबलाखाली गेला. "म्हाताऱ्या, तू हे लिहिलं नसतंस तर कुणाला कळलं असतं का?"

"मला कळलं असतं," पेलूफो म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांचा उल्लेख इतिवृत्तात 'सदर इसम' असा होऊ लागला. लिहिणारे तेच होते. अक्षर जराही बिघडलं नाही.

उपांत्यपूर्व फेरीच्या पहिल्या सामन्याला सदर इसमाची रवानगी ठरावाने बोचाच्या पट्टीवर झाली. एक एक बरोबरी. परतीच्या सामन्याला अंतर वाढवून पाहावं, अशी सूचना आली. सदर इसमाने तिला स्वतः अनुमोदन दिलं आणि चौकातल्या पेपरस्टॉलपाशी, दोनशे बारा मीटरवर जाऊन तो उभा राहिला. एक शून्य, आपण विजयी. (दोनशे बारा मीटरवर एकच गोल का, या शंकेचं निरसन वहीत आहे: पेपरवाला दुसऱ्या क्लबाचा समर्थक होता.)

नियम कडक होते. फोन नाही, रेडिओ नाही, खिडकीत टीव्ही दिसणाऱ्या घरासमोर थांबणं नाही. पेलूफोंना निकाल कळे तो वस्तीच्या आवाजावरून. टीव्ही न बघता आपला गोल आणि आपल्याविरुद्धचा गोल यांतला फरक ओळखायला ते हळूहळू शिकले. आपला झाला की आधी कुत्री भुंकतात. त्यांच्या मते या विषयात आता खंडात त्यांच्याइतका जाणकार कुणी नव्हता.

उपांत्य फेरीत गाठ ब्राझीलच्या एका क्लबाशी होती. त्याच्या राखीव गोलरक्षकाच्या पगारात विया ओर्तेन्सियाचे सगळे रस्ते दोनदा डांबरी झाले असते. एवढ्या मोठ्या संकटाला पेपरस्टॉल पुरणार नाही, हे उघड होतं. पहिल्या सामन्याला सदर इसम शहराच्या पार उत्तरेला, सान इसिद्रोला मेहुणीकडे गेला. चौतीस किलोमीटर, दोन गोल. मेहुणीने त्यांना पाठीमागच्या खोलीत बसवून तिच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेची हकिकत नव्वद मिनिटं सांगितली. मध्यांतराची पंधरा मिनिटं तीही थांबली.

परतीच्या सामन्याला ते बोटीने नदी ओलांडून उरुग्वेत, कोलोनियाला गेले. साठ किलोमीटर. प्रवासाचं कारण विचारणाऱ्या अधिकाऱ्याला त्यांनी "गोल" असं खरं ते सांगितलं. अधिकाऱ्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्याने शिक्का मारला. त्याचाही एक चुलता असाच दर सामन्याला झाडाच्या कुंडीत पाय ठेवून बसायचा. धक्क्यावरच्या बाकावर बसून पेलूफो दुपारभर तपकिरी पाणी बघत राहिले. पलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं, कुत्रीसुद्धा नाहीत. त्यांनी कल्पनेने तीन वेगवेगळे गोल बघायचा प्रयत्न केला, पण खेळाडूंचे चेहरे त्यांना एक्कावन्न वर्षांपूर्वीचेच दिसत होते.

निकाल तीन शून्य लागला. क्लब अंतिम सामन्यात पोचला. बाद फेरीत स्पोर्तिवोचे एकूण नऊ गोल झाले होते आणि सदर इसमाने पाहिलेले गोल होते शून्य.

अंतिम सामना एकच असतो, तिऱ्हाईत शहरात. त्या वर्षी तो पाराग्वाईची राजधानी आसुन्सिओनला होता. त्याआधी नऊ दिवस उपसमितीची निर्णायक सभा भरली. स्कार्पातींचा प्रस्ताव साधा होता. देशाच्या पार दक्षिण टोकाला, उशुआयाला त्यांचा एक आतेभाऊ मेंढ्या पाळत होता. अडीच हजार किलोमीटर पडत होतं. "तिथून पुढे फक्त पेंग्विन," ते म्हणाले. "हिशोबाने किमान सहा गोल पडतात."

पेलूफो चष्मा पुसत उठले. त्यांचं या प्रस्तावाबद्दल वैयक्तिक काहीच म्हणणं नव्हतं. पण वहीप्रमाणे एक गोष्ट सभेच्या नजरेस आणणं चिटणीस म्हणून त्यांचं कर्तव्य होतं. त्यांनी भिंतीला नकाशा लावला. बोचाची पट्टी टीव्हीच्या उत्तरेला. पेपरस्टॉल उत्तरेला. सान इसिद्रो उत्तरेला. कोलोनिया ईशान्येला, म्हणजे खात्याच्या पद्धतीनुसार उत्तरेतच जमा. सदर इसमाला आजवर एकदाही दक्षिणेला पाठवलेलं नव्हतं. चालू असलेला काबाला मध्येच बदलणं म्हणजे काय, हे त्यांनी सभेला सांगायची गरज नव्हती.

सभा हादरली. बारा वर्षांपूर्वी एकाने ऐन सामन्यात मोजे बदलले होते. क्लब खालच्या विभागात गेला आणि तो माणूस दूर मेंदोसाला राहायला गेला.

तेव्हा उत्तर ठरली. आता किती उत्तर? दुसरा मुद्दा साक्षीदारांचा होता. सदर इसम खरोखर दूर आहे हे कोण पाहणार? उपसमितीच्या नियमांतल्या कलम सातप्रमाणे अंतिम सामन्याला दोन साक्षीदार लागत. उत्तरेला, हजार किलोमीटरच्या पुढे, क्लबाचे दोन सदस्य एकाच वेळी कुठे असतील? पेलूफोंनी खिशातली मोजपट्टी नकाशावर ठेवली आणि बाजूला झाले. ती जिथे संपली तिथे आसुन्सिओन होतं. क्लबाच्या दारातून बस जाणार होती, चव्वेचाळीस सदस्यांची, आणि तिच्यात एक जागा रिकामी होती.

"पण तिथे तर सामनाच आहे," स्कार्पाती म्हणाले.

"अंतर टीव्हीपासून मोजावे, असं कलम चारमध्ये आहे," पेलूफो म्हणाले. "ते कलम तुम्हीच मांडलं होतं. मैदानाचा वहीत उल्लेख नाही."

वही हातोहात फिरली. खरंच नव्हता. ठराव अकरा विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला: क्लबाच्या हितासाठी सदर इसमास अंतिम सामन्याच्या स्टेडियममध्ये हद्दपार करण्यात यावे.

मंडळी पांगल्यावर नेलिदाने त्यांच्यासमोर कॉफी ठेवली. "एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्यास," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा स्वतःसाठी तुकडा काढलास."

 पेलूफोंनी कॉफी दोनदा ढवळली, आणि साखर घातलेली नव्हती.

बस वीस तास चालली. आसुन्सिओनला उन्हाने डांबर चपलेला चिकटत होतं. पेलूफो बाविसाव्या रांगेत बसले आणि हिरवळ बघून त्यांना वाटलं, एवढी हिरवी ती टीव्हीवर कधीच नसते. अठराव्या मिनिटाला त्यांनी बाद फेरीतला पहिला गोल टीव्हीशिवाय, समोर डोळ्यांनी पाहिला. तो समोरच्यांनी केला होता.

चव्वेचाळीस माना एकाच वेळी त्यांच्याकडे वळल्या.  चव्वेचाळीस डावे हात आपापल्या ठिकाणी गेले. पेलूफोंनी मध्यांतरापर्यंत कळ काढली. कलम चार त्यांनी मनातल्या मनात सहा वेळा वाचलं. ते निर्दोष होतं. मग उत्तरार्धाच्या शिट्टीला ते आपणहून उठले, मैदानाकडे पाठ केली आणि तसेच उभे राहिले.

सत्तराव्या मिनिटाला बरोबरी झाली. इथे कुत्री नव्हती, पण पाठीवर येऊन आदळलेल्या आवाजावरून तो आपलाच होता हे त्यांना कळलं.

"अहो, हलू नका," शेजारच्या बाईने त्यांची बाही घट्ट धरली. "तुम्हाला देवाची शपथ."

सामना बरोबरीत संपला आणि निकाल पेनल्टींवर गेला. पाचवी, शेवटची पेनल्टी आपली होती. बसली तर चषक. इथे पेलूफोंना एवढंच करायचं होतं, की मान वळवायची. खांद्यावरून काटकोनभर. अर्धशतक ज्याची वाट पाहिली ते दोन सेकंदांवर होतं आणि आडवं यायला नकाशा नव्हता, ठराव नव्हता. त्यांची मान थोडी वळलीही. मग त्यांना बाही धरून ठेवलेला हात जाणवला आणि त्यांनी मान परत जागेवर आणली.

म्हणून ते पुढ्यात जे होतं तेच बघत राहिले. पुढ्यात होतं ते वर आकाशापर्यंत गेलेलं क्लबाचं सगळं स्टँड. सवयीने त्यांनी मोजणी सुरू केली. तेविसावी रांग: डोळे मिटलेले नऊ, शर्ट तोंडावर ओढलेले पाच, खाली वाकून बुटाची नाडी बांधणारे चार. (नाड्या सुटलेल्या नव्हत्या.) चोविसावी: जपमाळ दोन, पाठ फिरवून उभे सात, एक गृहस्थ पायऱ्यांवरून स्टेडियमबाहेर चालू लागलेले. आणि असंच वरपर्यंत. प्रत्येकजण स्वतःला सदर इसम समजत होता. डोळे उघडे ठेवून उभा होता तो फक्त पोलीस, आणि त्याचं तोंड नेमाप्रमाणे प्रेक्षकांकडे होतं.

मग आवाज झाला. शेजारची बाई त्यांच्या गळ्यात पडून रडली. "कसा मारला?" पेलूफोंनी तिला विचारलं.

"मला काय माहीत? माझे डोळे मिटलेले होते."

त्यांनी पुढच्याला विचारलं, मागच्याला विचारलं. पोलिसालाही विचारलं.

परत आल्यावर कळलं, की कँटीनमध्येही काही वेगळं घडलं नव्हतं. स्कार्पाती शेवटच्या पेनल्टीला बोचाच्या पट्टीवर जाऊन उभे होते. नेलिदा ओट्याखाली बसली होती. बाकीचे चौकात होते. टीव्हीने तो गोल रिकाम्या खुर्च्यांना दाखवला. आता तो रोज बातम्यांत दाखवतात, पण बघायला उपसमितीची मनाई आहे. आपण बघत असताना चुकला तर?

वहीत शेवटची नोंद आहे: 'निर्णायक गोल. साक्षीदार: शून्य. काबाला यशस्वी.' खाली सही आहे, एवारिस्तो पेलूफो, पूर्ण नावाने.

एकविसाव्या शतकात अशी अडाणी माणसं असावीत, याचं सुजाण मराठी वाचकाला नवल वाटणं साहजिक आहे. ते ओसरलं, की एक करा. गेल्या मोठ्या सामन्यात, शेवटच्या षटकात जिंकायला सोळा धावा हव्या असताना, 'तू आत गेलास की चौकार बसतो' म्हणून तुम्ही घरातल्या ज्या कुणाला स्वयंपाकघरात पिटाळलं होतं, त्याला नंतर बाहेर बोलावलं होतं का, तेवढं उठून बघून या.

(सामना चालू असेल तर उठू नका.)