आंधळगावची जावई-यंत्रणा

लोकशाहीत मतदार कोणाचेही ऐकत नाही, असे राज्यशास्त्र सांगते. राज्यशास्त्र अर्थातच कधी मंडईला गेलेले नाही.

दिवाळीनंतर भंडाऱ्यात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकी-जावई येतात, कोंबडा कापला जातो, आणि जावई बोलेल त्याला घरदार मान डोलावते. साकोलीचा जागेश्वर राजकीय रणनीतिकार होता. त्याने लागोपाठ तीन उमेदवार पाडले होते (स्वतःचेच). कृषी अधिकाऱ्याला न जुमानणाऱ्या सासऱ्याने, म्हणजे आंधळगावच्या सोमाजींनी, केवळ जावयाच्या शब्दावर धानाचे वाण बदललेले त्याने पाहिले आणि त्याला रणनीती सापडली.

सरपंचाच्या निवडणुकीत त्याने सेवकराम या उमेदवाराला शब्द दिला. मागाहून सोमाजींनीही अर्ज भरला. व्यवसायात नाते आणू नये, हे जागेश्वरचे तत्त्व होते. (नाते हाच व्यवसाय असल्याने ते पाळायला जड गेले.)

त्याने गावाच्या एकसष्ट जावयांची यादी केली आणि त्यांना मंडईसाठी सासरी पोचवायला जीपा लावल्या. यादीत शेरे होते. 'सासरा ऐकतो.' 'सासू ऐकते, सासरा तिचे ऐकतो.' 'रुसलेला, मागच्या मंडईत तंगडी साडूच्या ताटात गेली.' शेवटी त्याचे स्वतःचे नाव होते आणि पुढे शेरा: 'सासरा स्वतःच उमेदवार. तरी प्रयत्न करावा.' जागेश्वर कामात चोख. त्याने प्रयत्नही केला.

सेवकराम एका मताने निवडून आला.

सोमाजींनी तक्रार केली. मतदारांवर गैरवाजवी दबाव आणल्याचा गुन्हा दाखल झाला आणि यादी जप्त झाली. तपासात अठ्ठावन्न सासरे (दोघांना दोन-दोन जावई होते) साक्षीला गेले आणि आपण जावयाला ओळखतो, एवढेच सांगून परतले. उरले सोमाजी. त्यांच्या साक्षीवर जागेश्वरची कैद ठरणार होती. बायको राखी त्याच्याशी बोलेनाशी झाली. निवडणूक आयोगाला न भ्यालेला माणूस साक्षीच्या दिवशी सासऱ्याला खरोखर भ्याला, आणि त्याला लाजही वाटली.

सोमाजी पिंजऱ्यात आले. त्यांनी आधी आरोपीला विचारले, "जवाईबापू, जेवले का?"

सरकारी वकिलांनी त्यांना मूळ मुद्द्यावर आणले. आरोपीने दबाव आणला का?

"दबाव कायचा साहेब? मंडईले घरी आले, पाटावर बसले, अन् म्हनाले, मामाजी, यंदा सेवकरामले द्या."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मंडईच्या जवायाले नाही कसा म्हनू? सेवकरामचाच बटन दाबलो."

मतदान गुप्त असल्याने हे वाक्य नोंदवू नये, असे न्यायाधीशांनी सांगितले. (तोवर ते आंधळगावात पोचले होते.)

"अन् तक्रार काहून केली?" वकील आपली भाषा विसरले.

"हरल्यावर लय राग आला ना साहेब! पन तो आपला घरचा राग. त्याले दबाव नोका म्हनू, मान म्हना."

जागेश्वर निर्दोष सुटला. पायऱ्यांवर त्याने सासऱ्याचे पाय धरले तेव्हा त्याचे डोळे भरले होते. सोमाजींनी त्याला उठवले आणि पुढच्या निवडणुकीसाठी तिथेच नेमून टाकले.

आंधळगावच्या या अडाणीपणाला सुशिक्षित वाचक हसले असतील. त्यांचे मत त्यांचे स्वतःचे असते. गेल्या वेळी आपण ज्याला मत दिले त्याचे नाव त्यांनी आठवावे, आणि ते नाव पहिल्यांदा आपल्या घरात कोण जेवता जेवता बोलले होते, तेही आठवावे.