क्रमांक दोनशे चौदा

मनाच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या त्या केंद्रात प्रश्नावली कागदावरून संगणकावर आली. ती नीट चालते का हे पाहण्याचं काम अर्थातच नोंदी ठेवणाऱ्या काकूंच्या गळ्यात पडलं. जे काम कोणाचंच नसतं ते तिथे काकूंचं असतं. दुसऱ्या कोणी अशा वेळी काहीतरी ठोकून दिलं असतं, पण खोटी नोंद करायची नाही ही काकूंची एकवीस वर्षांची सवय. त्यांनी तीसही प्रश्नांची खरी उत्तरं भरली. झोप लागते का? नाही. भूक? लक्ष नसतं. मन कोणापाशी मोकळं करता? 'कोणी विचारत नाही.' तेवढ्यात झेरॉक्समध्ये कागद अडकल्याची हाक आली, काकू धावल्या आणि नोंद पुसायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणकाने लाल शेरा दाखवला. क्रमांक दोनशे चौदा, प्रकृती चिंताजनक, आजच्या आज संपर्क साधा. केंद्राचा नियमच तसा होता. संगणकात फक्त क्रमांक असत, नावं एका वहीत, वही कपाटात आणि किल्ली काकूंच्या कमरेला. संचालकांनी वही उघडवली. दोनशे तेराच्या पुढचं पान कोरं होतं.

मग धावपळ उडाली. समुपदेशक ताईंनी मंजूर झालेली रजा रद्द केली. संचालकांनी सगळ्यांना बोलावून उत्तरं मोठ्याने वाचली. काकू कोपऱ्यात बसून बैठकीचा वृत्तांत लिहीत होत्या आणि त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. ज्यांच्या रजेचे अर्ज आपण सांभाळतो, त्यांना आता आपली झोपही कळणार. 'कोणी विचारत नाही' हे उत्तर संचालकांनी दोनदा वाचलं.

"काकू, काहीही करा, पण या माणसाला शोधा. कुठे एकटं बसलं असेल कोण जाणे."

काकूंनी वृत्तांतात लिहिलं, 'शोधण्याची जबाबदारी: काकू.' इथवर ठीक होतं. पण दुपारी संचालकांनी शोधाचा तक्ता मागितला. त्यात 'शोध चालू आहे' एवढंच लिहायचं होतं. काकूंनी तीनदा पेन टेकवलं, पण हात काही चालेना. शेवटी त्या तशाच उठून गेल्या.

"सर, ती मीच. तपासायला भरलं होतं, पुसायचं राहिलं."

संचालकांनी खुर्चीत अंग टाकलं. "हात्तिच्या. म्हणजे खरं कोणी नाहीच तर. सुटलो बुवा." बातमी खोल्याखोल्यांतून फिरली, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि जो तो आपल्या कामाला लागला. नोंद तेवढी पुसून टाका, असं काकूंना बजावलं गेलं. कोणी रागावलं नाही म्हणून त्यांना हायसं वाटलं, आणि का कोण जाणे, फार वाईटही वाटलं.

त्या पुसायला बसल्या तेव्हा समुपदेशक ताई खुर्ची ओढून शेजारी येऊन बसल्या.

"उत्तरं खोटी होती का, काकू?"

"तपासणीपुरती होती हो."

"ते नाही विचारलं मी."

काकूंनी चष्मा काढला आणि त्या तो पदराने उगाच पुसत राहिल्या. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. सवयीने त्यांचा हात पुढे गेला, पण ताईंनी आधीच रिसीव्हर उचलला होता.

"काकू कामात आहेत," ताई म्हणाल्या. "तासाभराने करा."