हवालदाराचा गोबरगॅस

सन १९७६. माझं वय बावन्न आणि शेजारच्या नामा हवालदाराचंबी तेवढंच. पलटणीतनं पेन्शन घेऊन आलेला हा गडी त्या साली पाटी घेऊन दुसऱ्यांच्या म्हशींमागं फिरायला लागला. म्हशीनं शेपूट उचललं की हा पाटी धरून हजर. शेण भुईला लागू द्यायचा नाही.

कारण गोबरगॅस. शेणाच्या टाकीतनं नळी काढायची, नळीवर शेगडी पेटवायची. खर्चाला सरकारचं अनुदान. निम्मं आधी, निम्मं साहेबानं ज्योत डोळ्यांनी बघितल्यावर. गावात दुसऱ्या कुणी अर्ज केला नाही. ह्यानं पाच जनावरांच्या मापाची टाकी बांधली, आणि गोठ्यात म्हशी दोन. कशाला रं हे, असं विचारलं की टाचा जुळवून सांगायचा, "आर्डर हाय." कुणाची, ते सांगायचा नाही.

त्याचं सगळं आर्डरीवरच. म्हशी पाण्यावर नेताना लेफ्ट-राइट म्हणायचा. त्या ऐकायच्या नाहीत, तर म्हणायचा, नवीन भरती हाय, शिकतील. बायकोला, म्हणजे आमच्या अनसावैनीला, जन्मभर हुकूमच. "पानी काढ." "च्या ठेव." ती चुलीपुढं पदरानं डोळे पुसत 'व्हय' म्हणायची.

शेणी थापायला शेण उरंना, तशा गावच्या बाया खवळल्या. आमच्या घरच्या मालकिणीनं त्याला रस्त्यातच गाठलं. म्हणाली, "आवं हवालदार, पलटणीत ह्योच हुद्दा हुता का तुमचा?"

"न्हाई वैनी," तो गंभीरपणानं म्हणाला, "तिकडं खेचरं हुती."

मलाबी त्यानं माझ्या चार जनावरांचं शेण मागितलं. म्या सांगितलं, माझं शेण माझ्या रानात जाईल, सरकारच्या नळीत नाही. एकदा बोललो की बोललो. माझं तसंच असतं.

चैतात साहेब आले. सगळं गाव हवालदाराच्या घरामागच्या परड्यात जमलं. हा पलटणीची टोपी घालून शेगडीजवळ ताठ उभा. काडी लावली. निळी ज्योत उठली. साहेबांनी खिशातनं पेन काढलं, टोपण उघडलं, तेवढ्यात ज्योत विझली. आणखी काड्या ओढल्या. काही नाही. साहेब म्हणाले, शेण कमी पडतंय, असं असेल तर पुढचं अनुदान देता येणार नाही.

मला वाटलं, आता हा भांडतोय. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"सायेब, पैसं ऱ्हाऊ द्या. पर ही शेगडी रोज पेटाय काय करू, तेवढं सांगा. मिरजेच्या डाक्तरनं हिला धूर बंद सांगितलाय. न्हाईतर डोळं जात्यात."

अनसावैनी दाराला धरून उभी होती. म्हणाली, "मला वो का न्हाई सांगितलंसा?"

"भ्याली असतीस," तो म्हणाला.

तिच्याशी तो हुकमाबिगर बोललेला मी पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी चारी जनावरं सोडली आणि त्याच्या गोठ्यात नेली. हवालदार बघतच राहिला. म्या म्हणालो, माझ्या गोठ्याचं छप्पर गळतंय. त्यानं वर आभाळाकडं बघितलं. चैताचं ऊन, ढगाचा पत्ता नाही. मी चारी दावी आवळून बांधली आणि घरला आलो.