बेट मोजणारे टेंभेकर

लोणावळ्याच्या बाजारातून भरदुपारी एक गृहस्थ खांद्यावर सायकलचा जुना टायर अडकवून चाललेले दिसले आणि सोबत सायकल कुठेच नसली, तर ते आमचे टेंभेकर समजावेत. चिक्कीवाले दुकानदार हटकून विचारत, "काय टेंभेकर, सायकल पुढे गेली वाटतं?" टेंभेकर थांबून गंभीरपणे सांगत, "सायकल नाहीच. हे मोजमापाचं साधन आहे."

टेंभेकर आमच्या कचेरीत ओव्हरसियर होते आणि मी टंकलेखिका. सत्तर सालानंतरची गोष्ट. मावळात धरण झालं, नदी फुगली, काही वाड्या पाण्याखाली गेल्या आणि मधल्या एका टेकडीचं डोकं तेवढं वर राहिलं. लोक त्याला बेट म्हणू लागले. मग पुण्याहून कागद आला. बेटावर पर्यटकांसाठी विश्रामगृह बांधायचा विचार आहे, तरी या बेटाला किती माणसं सोसतील याचा अभ्यास करून अहवाल पाठवावा. दुसऱ्या कोणी 'भरपूर' असं लिहून कागद परत केला असता. साहेबांनी तो टेंभेकरांना दिला आणि पुढे वर्षभर पस्तावले.

तो टायर त्याच अभ्यासातला. बेटावर उभं राहून, डोळे मिटून तो भिरकावायचा. पडेल तिथे आतली गवताची पाती मोजायची. डोळे मिटलेले असल्यामुळे टायर दोनदा पाण्यात गेला आणि एकदा नावाडी महादूच्या गळ्यात. महादू हललासुद्धा नाही. म्हणाला, "सायेब, आता माज्या दाढीची पाती मोजून घ्या."

टेंभेकरांचा सिद्धांत सोपा होता. "बाई, माणूस चालला तर गवत वाकतं. बसला तर मरतं." त्यामुळे पर्यटकाला विचारायचा प्रश्न एकच: किती वेळ बसणार? हा प्रश्न घेऊन ते रविवारी स्टेशनवर उभे राहत. एकदा मुंबईचं नवं जोडपं बाकावर टेकलं होतं. टेंभेकर वही काढून समोर गेले आणि म्हणाले, "किती वेळ बसणार?" नवऱ्याला वाटलं रेल्वेचे अधिकारी आले. दोघं ताडकन उठली ती गाडी येईपर्यंत उभीच. टेंभेकरांनी नोंद केली, 'बसण्याची इच्छा नाही.' हे सगळे तक्ते मी टाईप करत होते. एकासमोर शेरा होता, 'उत्तर दिले नाही, चिक्की दिली.'

मग प्रत्यक्ष प्रयोग करायचं ठरलं. कचेरीत सूचना लागली: 'संशोधनार्थ सहल. येताना डबा व संध्याकाळपर्यंत बसण्याची तयारी आणावी.' चाळीस माणसं हवी होती. कचेरीतली आली, शेजारपाजारची आली, आणि देहूरोडहून टेंभेकरांचे एक साडू अकरा जणांचा परिवार आणि बाजाची पेटी घेऊन आले.

बेटावर टेंभेकरांनी चुन्यानं चाळीस चौकोन आखले होते. प्रत्येकाला नंबर. माझा एकोणीस, भर उन्हात. पाव तास सगळे शिस्तीत बसले. मग हेडक्लार्कांच्या सौभाग्यवती उठल्या. "आम्हाला काय इथं वाळवणासारखं पसरलंय?" असं म्हणून डबा उचलून त्या बेटावरच्या एकुलत्या एका उंबराखाली गेल्या. अर्ध्या तासात चाळीसच्या चाळीस माणसं त्या झाडाखाली होती, पेटीसकट. ज्यांना सावली पुरली नाही ते दुसऱ्यांच्या पायांवर बसले.

मला वाटलं टेंभेकर खचतील. ते तर उड्या मारायचेच बाकी होते. "लिहा, बाई, लिहा. बेट एकरात मोजायचं नाही, सावलीत मोजायचं."

तेवढ्यात हेडक्लार्कांनी त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "जाऊन यायची सोय कुठे?" टेंभेकरांच्या तक्त्यात तो रकानाच नव्हता. महादूनं त्यापायी काठापर्यंत नऊ फेऱ्या मारल्या. टेंभेकरांनी रकाना वाढवला.

अशाच एका फेरीत महादूची आई, ठकूमावशी, नावेतून आली. ओंजळीत फुलं होती. उंबराच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला एक दगड होता. तो त्यांच्या वाडीचा देव, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यावर कोणीतरी पेटीचं झाकण ठेवलं होतं. मावशी गर्दीच्या कडेला उभी राहिली. टेंभेकर सवयीनं वही घेऊन पुढे गेले.

"मावशी, किती वेळ बसणार?"

"आमी पिढ्यान् पिढ्या हितंच बसलेलो," मावशी म्हणाली. "तवा कुनी इचारलं न्हाई."

रागाचा आवाज नव्हता. कोणाला वाट सांगावी तसं सांगितलं तिनं. पेटी थांबली. मावशीनं टेंभेकरांकडे निरखून पाहिलं. "तुमीच ना त्ये, आमच्या दारावर चुन्यानं आकडा घातलेला?"

"होय," टेंभेकर म्हणाले. "सात नंबर."

धरणाच्या आधी बुडणारी घरं मोजायला टेंभेकरच गेले होते, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी वही खाली ठेवली, दगडावरचं झाकण उचललं, आणि लोकांना सरकायला सांगितलं. मावशीनं फुलं वाहिली. मग पाण्याकडे बघत म्हणाली, "पानी आल्यापासनं ठाव लागत न्हाई. माजं घर कुटं आसंल वो?"

टेंभेकर तिला उतारावर घेऊन गेले. "तो समोरचा कडा बघा. त्याच्या नाकासमोर, इथून दोनशे पावलं. दार उगवतीला. बाहेर उखळ."

"आन् चूल?"

"आत शिरलं की डाव्या हाताला. तुम्ही मला त्या दिवशी नाचणीची भाकरी दिली होती."

"मला न्हाई बा आठवत."

"असू दे. मला आठवते."

अहवाल त्यांनी आठवड्यात लिहिला. बेटावर बांधकाम नको, विश्रामगृह काठावर असावं. माणसं सावलीत मावतील तेवढीच न्यावीत आणि दिवस मावळायच्या आत आणावीत. शेवटचं कलम होतं: झाड, देव आणि तिथं जायची वाट यांवर पहिला हक्क वाडीच्या लोकांचा. साहेबांनी विचारलं, "याला आधार काय?" टेंभेकर म्हणाले, "घरं मी मोजलीत."

कागद पुण्यात बराच फिरला, पण विश्रामगृह काठावरच झालं.

त्यानंतरही टेंभेकर रविवारी बेटावर जात. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. घरी बसून करणार काय, असं आम्ही समजत होतो. एकदा मी पाहुण्यांना घेऊन गेले तेव्हा उतारावर दहा-बारा माणसं उभी दिसली. बुडालेल्या वाड्यांतली, पार सुदुंबऱ्याकडे जाऊन वसलेली, एसटीनं आलेली. टेंभेकर हात लांब करून त्यांना पाण्यातली घरं एकेक करून दाखवत होते. कागद नव्हता, काही नव्हतं.

मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आन् माजा गोटा?"

"घराच्या मागं. बारा फूट लांब. तांबडी पाडी बांधलेली होती."

म्हातारा पाण्याच्या दिशेनं दोन पावलं खाली उतरला.

"व्हय," तो म्हणाला. "तांबडीच व्हती."