शंभरपैकी अर्धा पेपर

गावंडे सर सिनेमाला लाल पेन घेऊन जातात. सोबत दोनशे पानी वही आणि अंधारात लिहायला किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेली बारकी बॅटरी. मागून कोणी "काका, लाइट बंद करा" म्हणालं की मान न वळवता सांगतात, "पेपर तपासून राहिलो. गडबड नाई पाह्यजे."

अमरावतीत आमची घरं लागून आहेत, मध्ये एका विटेची भिंत. सरांनी मला अकरावीला फिजिक्स शिकवलं आणि नापासही केलं, त्यामुळे संबंध घरचेच. निम्म्या वर्गाला ते "उत्तर चूक, स्टेप बरोबर" म्हणून दोन मार्क द्यायचे. मला तेही मिळाले नाहीत. हल्ली त्यांचं दार वाजवलं की आधी खाकरतात, मग पहिला शब्द फाटका बाहेर येतो. जन्मभर खडू खाल्ल्याचा परिणाम, असं मी धरून चाललो होतो.

अंतराळाचे सिनेमे म्हणजे सरांचा जीव की प्राण. पण प्रत्येक सिनेमाचा पेपर शंभर मार्कांचा. पन्नास विज्ञानाचे, ते सरांकडे. पन्नास माणसांचे, ते शालूकाकूंकडे. सरांच्या बायकोला गुरुत्वाकर्षणाशी काही देणंघेणं नव्हतं. एका सिनेमात सहा जण दोन तास यानातून फिरले आणि काकूंनी सरळ भोपळा दिला. "सा जनं एका घरात हायत, अन् कोनी कोनाले जेवला का म्हनून इचारत नाई! काय चाटाचं हाय त्या यानाले?" सरांनी फेरतपासणीचा अर्ज केला, तो तिथल्या तिथे फेटाळला गेला.

काकूंना जाऊन आता वर्ष होत आलं. तेव्हापासून वहीतला काकूंचा उजवा रकाना कोरा आहे. सर पन्नासपैकीच मार्क देतात आणि खाली लिहितात, निकाल राखून ठेवला. मी एकदा आगाऊपणा केला. "सर, माणसांचे मार्क मी देऊ का?"

"तू?" सर म्हणाले. "फिजिक्समधी तं तू नापास झाला. मानसाच्या पेपराले तं तू बसलाच नाई अजून."

मागच्या महिन्यात एक सिनेमा आला. एकटा माणूस शनीच्या एका चंद्राकडे निघतो आणि परत येतो, एवढीच गोष्ट. पण सगळं अगदी खऱ्यासारखं, अशी ख्याती. अमरावतीतून तो आठवड्यात उतरला. अकोल्यात दुपारचा एक खेळ उरला होता. भर उन्हात डोक्याला दुपट्टे बांधून आम्ही एसटीने अकोला गाठलं.

यान शनीजवळ पोचल्यावर पृथ्वीवरून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायला गोष्टीतले अडीच तास गेले. "बरोबर, तेवढा वेळ लागतेच," सर पुटपुटले. मग यानाचा एक भाग फुटला, तोही बिनआवाज. थेटरात शिट्ट्या सुरू झाल्या. "आवाज दे बे!" कोणी ओरडलं. सर उठून उभे राहिले आणि एकटेच टाळ्या वाजवू लागले. "हवा नाई तं आवाज कुठचा? पाचपैकी पाच!"

त्या स्फोटात यानाचा रेडिओ गेला. पुढे आठ महिने तो माणूस कोणाशी बोलला नाही. एकदा रडला, तर अश्रू गालावरून खाली ओघळला. सर तडकले. "खाली मंजे कुठं? तिथं खाली हायेच कुठं? डोयाले गोळा होऊन चिकटते पानी!" चार मार्क गेले. शेवटी तो परतला, दार उघडलं आणि त्याने स्वच्छ, खणखणीत आवाजात चार वाक्यं ऐकवली. लोक हेलावले. सरांचं पेन मात्र थांबलं होतं.

परतताना मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा सरांनी वही काढली. विज्ञान: पन्नासपैकी त्रेचाळीस. मग त्यांनी उजव्या रकान्यात पेन टेकवलं. मी दचकलो.

"दहा कापले," सर म्हणाले. "आठ मयने कोनाशी बोलला नाई, अन् पयलाच शब्द असा खणखणीत? होत नाई तसं. दोन दिवस बोललं नाई तरी पयला शब्द फाटतेच. घसा इसरून जाते."

"हे विज्ञानात नाही का येत, सर?"

"नाई. हे तुह्या काकूच्या वाट्याचे. ती असती तं तिनंच कापले असते." मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तवा मले कळलं नसतं, काहून कापले ते."

मी खडूची गोष्ट मनातल्या मनात पुसून टाकली. भिंतीपलीकडून मला त्यांचा कुकर ऐकू येतो, टीव्ही ऐकू येतो. सरांचा आवाज कधी येत नाही, हे वर्षभरात माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी त्यांचं दार वाजवलं. आत खाकरण्याचा आवाज झाला.

"कोन?" शब्द फाटलाच. दार उघडलं. "काय रे, काय झालं?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "सर, जेवले का?"

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सकाळी सातले कोन जेवते बे?" ते म्हणाले. आवाज आता मोकळा झाला होता. "उत्तर चूक."

मी परत वळलो.

"स्टेप बरोबर हाय," सर मागून म्हणाले. "ये, बस. चहा मांडतो."