होडीच्या फटी

"होडी? त्यात काय एवढं! पाण्यावर तरंगणारं टेबलच ते! मीच दुरुस्त करतो!" असं मी भर जेवणात बोलून गेलो आणि तिथेच फसलो.

होडी सासऱ्यांची. तरुणपणी स्वतःच्या हातांनी बांधलेली. आपले गुडघे पुरते संपायच्या आत सासूबाईंना एकदा तिच्यातून पलीकडच्या काठावर न्यायचं, एवढाच त्यांचा हट्ट. म्हणून ती दुरुस्तीला कारखान्यात दिली, तर तिथल्या कारागिराने काय करावं? शेवाळ न खरवडताच वरून रंग फासला! बसायची फळी उलटी ठोकली! अर्धे खिळे नुसतेच वाकवून ठेवले! मी त्याला फोनवर असा झाडला, की शेजारी खिडकीत आले.

मग रजा टाकून मीच कामाला लागलो. फळी सुलटी केली, खिळे बदलले. इथेच थांबलो असतो तर आज तोंड वर करून बोललो असतो. पण तळाच्या फळ्यांमध्ये मला फटी दिसल्या!

"असू देत, जावईबापू," सासरे म्हणाले. "लाकूड पाणी प्यायलं की फुगतं. मिटतात त्या आपोआप."

"बाबा, तुम्ही फार भोळे! त्या चोराची बाजू घेऊ नका!"

मी दगडासारखा कडक होणारा मसाला आणला आणि एकूण एक फट ठासून भरली. संध्याकाळी होडी पाण्यात सोडली. आत थेंब नाही! नसलेल्या मिशीला मी ताव दिला.

"मग सकाळीच निघू या," सासूबाई चक्क लाजल्या.

रात्रभर लाकूड पाणी प्यायलं, फुगलं, पण फुगायला मी जागाच ठेवली नव्हती! सकाळी पाहतो तर तळाच्या फळ्या खिळे उपटून बाहेर आलेल्या आणि होडी काठापर्यंत बुडालेली. सासूबाई डबा घेऊन उभ्या.

होडी पुन्हा त्याच कारखान्यात न्यावी लागली. कारागिराने तळ पाहून कपाळावर हात मारला.

"या फटी कुणी बुजवल्या?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

"मीच," सासरे शांतपणे म्हणाले. "म्हातारचळ, दुसरं काय!"

"आजोबा, या मोसमात आता होडीचं नाव काढू नका," असं म्हणून तो माझ्याकडे वळला. "फोनवर तुम्हीच होतात ना? अहो, म्हाताऱ्या माणसाला असली कामं करू देता कशी?"

आणि मी, सांगायलाही लाज वाटते, मान डोलावून म्हणालो, "काय करणार! ऐकतच नाहीत!"